ओट्याची उंची

आमच्या मांपोंग गावात माणूस मेला की आधी घर दुरुस्त होतं, मग माणूस पुरला जातो. क्वाकू अंपोन्सा सात आठवडे इस्पितळाच्या शवागारात गारठून पडला होता. इकडे त्याचे थोरले भाऊ ब्रेम्पोंग हातातली काठी आपटत अंगणभर फिरले आणि स्वयंपाकघरापाशी थांबले.

"अंत्यविधीला आठशे माणूस जेवणार. त्यांना या काळ्या भोकातून वाढणार? पाडा हे."

ते काळं भोक दुफिएचं होतं. दुफिए म्हणजे अंपोन्साची बायको, आता विधवा. त्याच अंगणातल्या पुढच्या खोलीत मी भाड्याने राहते आणि कपडे शिवते, अकरा वर्षं झाली. त्यातली दहा वर्षं तरी दुफिए छपरावर एक पत्रा मागत होती. धुराने तिचे डोळे कायम लाल. तिचा नवरा जिवंत असताना कुणाला तो पत्रा सुचला नाही, आणि तो मेल्यावर एकदम टाइल्स. आमच्या लोकांची ही रीत मला कधीच पटलेली नाही.

चूल तिने लग्न होऊन आल्यावर स्वतःच्या हाताने घातली होती. मातीचे तीन उंचवटे, दर शनिवारी तांबड्या मातीने सारवलेले. इसिफू गवंड्याने ती दोन घावांत फोडली. दुफिए भांडं हातात धरून उभी होती. "जरा हळू," ती म्हणाली, पण तोवर फोडून झालं होतं.

मग संसार तिच्या झोपायच्या खोलीत आला. कांदे पलंगाखाली, मीठ उशाशी, धुरावलेले मासे खिडकीच्या गजाला. अंगाला, उशीला, काळ्या सुतकी कापडालाही माशांचा वास. कडुलिंबाखाली कोळशाची एक शेगडी, त्यावर एकच भांडं. सकाळी त्यात मक्याची पेज, तेच घासून दुपारी सूप. वाळवंटाकडचा वारा सुटला होता, झाकण उचललं की सूपात धूळ. उकडलेला सुरण कुटून त्याचा फुफू करायचं उखळ तिने माझ्या दाराशी आणून ठेवलं. ती मुसळ मारायची, मी बसून गोळा उलटायचे. एकदा मुसळ अर्ध्यावर थांबवून तिने विचारलं, "मला इथे राहू देतील ना गं?"

आमच्यात घर बायकोचं होत नाही. ते आईकडच्या रक्ताचं, म्हणजे पुरुषामागे त्याच्या बहिणीच्या लेकरांचं. बायकोला ठेवायचं की वाटेला लावायचं ते घराणं ठरवतं. दुफिएची या घरात एकतीस वर्षं झालेली, पोटी मूल नाही.

"नवं स्वयंपाकघर बांधतायत," मी म्हटलं. "म्हणजे कुणीतरी रांधायला हवंच ना. तुला काढायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता?"

हे मी बोलायला नको होतं. तिने ते पदराला बांधलं. दुसऱ्या दिवसापासून ती गवंड्यांना स्वतः रांधून जेवायला घालू लागली. सुरण उकडून, वर पालेभाजीचं कालवण.

"काकू, असं जेवण मिळालं तर मी भिंत संपवणारच नाही," इसिफू म्हणायचा.

"न संपवून कसं चालेल रे बाबा. खिडकी मोठी ठेव, धूर जायला हवा."

"आता गॅस येणार, धूर कुठला?"

"तरी ठेव."

सहाव्या आठवड्यात ओटा घालायची वेळ आली. इसिफू दोरी घेऊन बाहेर आला. "काकू, इथे उभ्या राहा बघू. तुमच्या कमरेच्या मापाने घेतो."

दुफिएने हात पुसले, आत गेली आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. माप देताना तिला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं, नवरा गेल्यानंतर.

ब्रेम्पोंग दारातून म्हणाले, "तिचं नको. सेर्वाला बोलाव."

सेर्वा त्यांच्या बहिणीची मुलगी. ती आली. पोर वाईट नाही. मान खाली घालून उभी राहिली. दुफिएपेक्षा चांगली वीतभर उंच. इसिफूने एकदा दुफिएकडे बघितलं, मग सेर्वाच्या कमरेशी दोरी धरून भिंतीवर कोळशाने रेघ मारली.

दुफिए बाहेर आली. शेगडीवरचं सूप उतू जात होतं, ते तिने उतरवलं. त्या दुपारीही तिने गवंड्यांना वाढलं, पण इसिफू अर्धं जेवण टाकून उठला. मी तिच्याजवळ जाऊन काय बोलणार होते? जे बोलायचं ते आधीच बोलून बसले होते.

शनिवारी अंपोन्साला पुरलं. आठशे माणूस जेवलं आणि टाइल्सचं कौतुक करून गेलं.

सोमवारी दुफिएने सवयीने कडुलिंबाखाली शेगडी पेटवली. तेवढ्यात सेर्वा आतून आली. "मामी, तुम्ही बसा. मी वाढते."

आधी हात धुवायला पाणी आलं. मग झाकणाचं, निळ्या फुलांचं भांडं. ते भांडं दुफिएनेच पाहुण्यांसाठी कपाटात जपलं होतं. घरच्या माणसाने त्यात कधी खाल्लं नव्हतं. तिने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शिलाईच्या मशीनवर मान खाली घातली.

तिने सगळं खाल्लं. उठली आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर स्वतःच पाणी ओतलं.

संध्याकाळी मी तिला तिचं गाठोडं बांधायला मदत करत होते. ती म्हणाली, "सूपात मीठ कमी होतं."

"मग मागायचं होतंस."

"पाहुणीने मागायचं असतं का?"