उसाच्या ट्रॉलीमागे गेलेले सरकार

प्रयोगशाळेत साखरेचे द्रावण करपले आणि सणसरच्या शाळेतली नव्वदच्या दशकातली अभिरूप संसद आठवली. पंतप्रधानपद हुकल्याने मी संसदीय कामकाज मंत्री झाले होते, तेही नाइलाजाने; मतदानाला आमचे खासदार जमवणे माझे काम. अविश्वास ठरावावरचे मतदान जवळ आले, तरी आमची बाके रिकामीच होती.

“मंत्रीबाई, तुमचं सरकार ट्रॉलीमागं ऊस वढतंय की!” विरोधी पक्षनेती सुमन हसली.

मी रस्त्यावर धावले. “चला रं, सरकार पडंल!”

“पडू दे, एवढं कांडं संपू दे!” आमचा एक खासदार ऊस चावत म्हणाला.

कांडी हिसकावून मी सगळ्यांना दारापर्यंत आणले. सरकार एका मताने वाचले. टाळ्या मात्र पंतप्रधानांच्या भाषणाला मिळाल्या. तेव्हा ते फार लागले. आज आठवते ती दारातून दिसलेली, आम्ही येईपर्यंत भाषण लांबवणाऱ्या त्या पंतप्रधान मुलाची सारखी दाराकडे वळणारी भेदरलेली नजर.