मेलेल्या बैलाची साक्ष

माझ्या नावावर एक नाटक आहे. ते मी लिहिलेले नाही. ही गोष्ट मी जयंती समितीला, पुस्तिका छापणाऱ्या छापखान्याला आणि एका साप्ताहिकाला वेळोवेळी लेखी कळवली. प्रत्येक पत्राची नक्कल आणि पोच माझ्याजवळ आहे. उपयोग झाला नाही. साप्ताहिकाच्या संपादकाने तर माझे पत्र ‘थोरांचा विनय’ अशा मथळ्याखाली छापले. मी तो अंक मधोमध फाडला आणि लगेच दुसरे पत्र लिहायला बसलो.

सत्तरच्या दशकात मी मंगरूळपीरला कचेरीबाहेर अर्ज लिहून देत असे. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला लिंबाखाली पेटी मांडायची. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे कायद्याच्या भाषेत उतरवायचे, ते त्याला वाचून दाखवायचे, खाली त्याचा अंगठा घ्यायचा आणि शेजारी ‘हस्ताक्षर’ असे लिहून आपली सही करायची. त्या सहीचा अर्थ एवढाच, की अक्षर माझे आणि म्हणणे अंगठ्याचे. माझ्या साऱ्या धंद्याची अब्रू या एका फरकावर उभी होती.

ते नाटक जिचे, ती बाई भाजीच्या मळ्यांत रोजाने जाई. धर्मांतरानंतर नव्याने वसलेल्या बौद्ध वस्तीत एकटी राहत होती. प्रथम ती अर्ज लिहून घ्यायलाच आली. नवऱ्याच्या माघारी दिराने एका कागदावर तिचा अंगठा घेऊन घराची जागा आपल्या नावे करून घेतली होती. तो अर्ज आम्ही हरलो. परंतु हकीकत सांगताना ती दिराच्या, साक्षीदाराच्या आणि स्वतःच्या अशा तीन आवाजांत बोले, आणि माझ्या पेटीभोवती अर्धा बाजार गोळा होई. निकाल लागल्यानंतरच्या बाजारी ती पुन्हा आली.

“मुन्शीजी, आता दुसरं लिवा. यात मी हारत नाई.”

ते नाटक होते. गावात एक बैल मरतो. वस्तीने मेलेले ढोर ओढणे सोडून दिलेले असते, म्हणून बैल मालकाच्या दारात तसाच पडून राहतो. पंचायत बसते, वस्तीला दोषी धरण्याची तयारी होते, आणि नेमका तेव्हा मेलेला बैल उठून साक्ष द्यायला उभा राहतो. येथे मी लेखणी थांबवली.

“बाई, मेलेल्याची साक्ष चालत नाही. कायदा तसा नाही.”

“जित्यायची कोन आयकून राह्यलं, मुन्शीजी? लिवा.”

मी लिहिले. माझा आक्षेप तिने जागच्या जागी पंचाच्या तोंडी घातला आणि आपले उत्तर बैलाच्या. चार-पाच बाजार हे चालले. माझे काम तिला थांबवण्याचे होते, कारण हात तिच्या जिभेच्या मागे पडत असे. वही पूर्ण झाली तेव्हा सवयीप्रमाणे मी शेवटच्या पानावर अंगठ्यापुरती जागा सोडली, शेजारी ‘हस्ताक्षर’ लिहून सही केली आणि शाईची डबी उघडली. तिने हात पदराखाली ओढून घेतला.

“नाई देत. अंगठा देल्ला का घरातून काईतरी जाते. जागा गेली. हे नाई जाऊ देत.”

“बाई, हे उलट आहे. अंगठा दिलास तर हे तुझे ठरेल.”

“दिरही असंच म्हनत होता,” ती म्हणाली आणि भाजीची पाटी उचलून गेली. मी आग्रह केला नाही.

पुढच्या जयंतीला वस्तीच्या समितीने माझ्याकडून वही नेऊन नाटक केले. मी त्या दिवशी कामरगावला होतो. निवेदकाने वही उघडली, तिच्यात एकच नाव सापडले, आणि त्याने ते लेखक म्हणून खणखणीत आवाजात पुकारले. ती समोरच बायकांत बसली होती. हसली म्हणतात.

मी समितीच्या सचिवांना पत्र लिहिले. ते तिच्याच वस्तीतले, शिकून नोकरीला लागलेले, सज्जन गृहस्थ. पत्र आणि वही हातात घेऊनच ते लिंबाखाली आले.

“मुन्शीजी, तिनं दोन-चार गोष्टी सांगतल्या असतीन. पन पंचायत, साक्ष, उलटतपासणी? हे भाजी खुडनाऱ्या बाईले येते काय?”

“तिचा अर्ज कचेरीत चालला होता. त्यात तिने हे सारे भोगले आहे.”

“अक्षर तुमचं, सही तुमची.”

“ती सही अक्षराची आहे, मजकुराची नाही!”

“आता त्यात कायचा फरक?” ते म्हणाले. मी पेटीचे झाकण आपटले. तेव्हा ते जरा नरमले. “पुस्तिका छापून राह्यलो आमी. तिचा अंगठा आना वहीवर, मंग तिचं नाव टाकतो. माहा शब्द.”

मी तिला तसे सांगितले. ऐकून घेऊन ती मळ्यावर निघून गेली.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला. ऐतिहासिक चित्रपट होता, हिंदी. एका राजदरबारातल्या विख्यात नाटककाराची नाटके खरोखर त्याचीच होती काय, असा त्यात प्रश्न होता. नाटककार गुराख्याचा मुलगा. एकामागून एक पंडित उभे राहून विचारतात, की ज्याने महाल आतून पाहिला नाही त्याला राणीचे दुःख कसे ठाऊक? शेवटी भर दरबारात राजा कबूल करतो, की नाटके त्याने स्वतः लिहिली. गुराख्याने केवळ नाव दिले. गुराखी मान खाली घालतो. तंबू टाळ्यांनी दणाणला. मला बसवेना. पुरावा म्हणून काय होते त्या पंडितांजवळ? एका माणसाचा जन्म, आणखी काही नाही.

दिवेलागणीचा खेळ होता. सुटल्यावर बायकांच्या बाजूने ती बाहेर आली आणि माझ्या बरोबरीने चालू लागली.

“मुन्शीजी, त्या गुराख्यानं तोंड काहून नाई उघडलं?”

“चित्रपट आहे, बाई.”

“राजा म्हनला मी लिवलं, तं साऱ्यायनं मानलं. तुमी म्हनता मी नाई लिवलं, तं तुमचं कोनी मानत नाई.” थोडे चालून ती म्हणाली, “फुकटचे राजे हा तुमी.”

ती हसली, आणि त्या हसण्यातून खोकला निघाला. बराच वेळ तिला थांबून राहावे लागले. नंतर पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “येत्या बाजारी शाई आना. देते अंगठा.”

त्या बाजारी मी पेटी नेहमीपेक्षा लवकर मांडली. डबीत नवी शाई घातली होती. ती आली नाही. दुपारी मी वही आणि डबी घेऊन वस्तीवर गेलो. तिच्या दारात बायका बसल्या होत्या. ती तासाभरापूर्वीच गेली होती. छातीत कफ भरला होता.

तिची शेजारीण माझ्या हातातल्या डबीकडे पाहून उठली.

“घ्या मुन्शीजी. हात अजून नरम हाये. मुन्शीजी येतीन म्हनून सांगून ठेवलं होतं तिनं मले. आमी साऱ्या साक्षीले हावो.”

वाकळेवर तिचा हात होता. भाजी खुडून बोटांची टोके काळी पडलेली, नखांत हिरवे. मेलेल्या माणसांचे अंगठे घेऊन केलेल्या कागदांविरुद्ध मी आयुष्यभर अर्ज लिहिले होते. असे कागद करणाऱ्यांना मी भर कचेरीत चोर म्हटले होते. मी वही उघडली. मोकळी जागा तशीच होती. मग मी वही मिटली.

“मेलेल्याचा अंगठा चालत नाही,” मी म्हणालो.

शेजारीण म्हणाली, “मंग जितेपनी काहून नाई घेतला?”

माझ्या एकाही पत्रात या प्रश्नाचे उत्तर नाही. तिने नकार दिला होता, हे खरे. परंतु त्या दिवशी तिने हात पदराखाली घेतला तेव्हा मी एकदाच समजावले आणि सोडून दिले. सुंदर अक्षरातली ती वही, तिच्याखाली केवळ माझी सही. ती पाहताना मला मनाच्या कोपऱ्यात कोठे बरे वाटले होते काय? शपथेवर विचाराल तर मी नाही म्हणू शकणार नाही.

समितीजवळच्या नकलेवरून पुस्तिका माझ्या नावाने निघाली. मी नोटीस दिली. सचिवांनी नोटिशीला उत्तर म्हणून पाच प्रती पाठवल्या.

पुढच्या जयंतीला मी मुद्दाम गेलो. काळी घोंगडी पांघरलेला बैल उठला. पंच म्हणाला, मेलेल्याची साक्ष चालत नाही. बैलाने मान वर केली. “जित्यायची कोन आयकून राह्यलं?” सारी वस्ती हसली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मागून कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. “काय लिवलं, मुन्शीजी!”

मी उभा राहिलो. हे माझे नाही, हे तिचे आहे, असे मला मोठ्याने सांगायचे होते. शब्द जुळवून आणले होते. पण मी उभा राहिलेला दिसताच निवेदकाने माझ्याकडे हात केला, आणि लोक टाळ्या वाजवू लागले. मी बोलत होतो. टाळ्या थांबेनात. शेवटी मी बसलो.