मोर्चाच्या भाकरी

राहुरीचे सूर्यभान कॉम्रेड देवाला कधी हात जोडत नसत, आणि त्यांची बायको कडूबाई हात जोडल्याशिवाय चूल पेटवत नसे. पण लाल बावट्याचा मोर्चा निघाला, की गाठोडंभर भाकरी तीच थापायची. गेल्या मोर्चात पोरांना वाढतानाचा तिचा फोटो, 'उद्याच्या मोर्चाला चला' असं लिहून, कॉम्रेडनी मोठ्या कौतुकानं पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

एका शिकल्या-सवरल्या पोरानं तिच्या रुपयाएवढ्या कुंकवाभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं, 'आधी हे पुसा, मग क्रांती करा.' त्या मोर्चात ह्याच पोरानं तिच्या हातच्या तीन भाकरी हाणल्या होत्या. ग्रुपवर सगळे खदाखदा हसले.

कॉम्रेडचं डोकंच फिरलं. त्यांनी लिहिलं, 'आरं, नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसत्यात! एवढं तरी कळतं का? माफी मागा तिची.'

'भावना दुखावल्या का, कॉम्रेड? मग भक्तांच्या ग्रुपवर जा,' एकानं सुनावलं. मग दिवसभर धर्म, अफू आणि पितृसत्ता यांचा नुसता धुरळा उडाला. माफीचं कुणी नाव काढलं नाही. उद्याच्या मोर्चाला येतो, असंही एकानं लिहिलं नाही.

संध्याकाळी कडूबाई पिठाचा डबा घेऊन समोर आली.

"अवं, उद्या किती भाकरी थापू?"

कॉम्रेडनी मोबाईल पालथा ठेवला. तिच्या कपाळाकडं त्यांना बघवेना.

"दोघांपुरत्या थाप," ते म्हणाले.