सरावातला जखमी

जंगलात वाट चुकलेल्यांना शोधून आणणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात शिंपीकाका नऊ वर्षं होते, आणि नऊ वर्षांत त्यांनी कुणालाही शोधलं नव्हतं. वजन बावन्न किलो. सरावाला स्ट्रेचरवर बांधून उचलायला याहून सोयीचा माणूस मिळाला नसता.

पथकाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. समोरच्याने तोंड उघडावं पण बोलू नये, ही सवय त्यांना दवाखान्याबाहेरही होती. "डॉक्टर, एकदा तरी खऱ्या शोधाला न्या ना," असं काका म्हणाले की उत्तर ठरलेलं. "नेऊ की. आज जरा डावा पाय मोडून घ्या."

त्या रविवारी दुपारी डोंगरावरच्या सरावात डाव्या पायाला फळ्या बांधून काकांना स्ट्रेचरवर आवळलं, तेवढ्यात निरोप आला. सकाळी फिरायला गेलेले हेडमास्तर परतलेच नव्हते. खरा माणूस हरवला म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. दोन मिनिटांत तिथे काकांशिवाय कुणी उरलं नाही.

काकांनी हाका मारल्या, पट्टे ओढून पाहिले. पट्टे त्यांनीच दुहेरी शिवणीने शिवलेले, ते कसले तुटतात! फोन सरावाआधी डॉक्टर काढून घेत, जखमीला फोन कशाला म्हणून. काकांना आधी राग आला, मग चक्क रडू आलं.

तासाभराने झुडपातून हेडमास्तरच बाहेर आले.

"अहो, सगळे तुम्हालाच शोधताहेत," काका म्हणाले.

"बोलू नका, दम लागेल," हेडमास्तरांनी दटावलं. त्यांनी पट्टे सोडले, पायाच्या फळ्या मात्र काही केल्या सोडू देईनात. उतरायची वाट त्यांना ठाऊक नव्हती. इथून डावीकडे, आता ओढ्याच्या कडेने, असं सांगत काकांनी त्यांना पायथ्याशी आणलं. खाली जमलेल्यांना दिसलं ते एवढंच, की हेडमास्तर एका लंगड्या माणसाला खांदा देऊन आणताहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात हेडमास्तरांचा फोटो आला.

पुढच्या महिन्यात हेडमास्तरांना पथकात मानाने घेतलं, तेही थेट खऱ्या शोधाच्या तुकडीत. ते ऐकून काकांना राहवेना. सरावाच्या आधी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "यांना मी खाली आणलं. वाट मी दाखवली."

हेडमास्तरांनी मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं. बिचाऱ्यांना तेव्हा भ्रमच झाला होता."

"छान," डॉक्टर म्हणाले. "आज डोक्याला मार घेऊ." आणि त्यांनी काकांच्या कपाळाला पट्टी गुंडाळायला घेतली.