आश्रुबाची मरळ

आश्रुबा बोलायला लागला की त्याला थांबवायला दुसरा आश्रुबाच लागायचा. विषय एकच, आमिष. रोहूला कणकेचा गोळा, वामीला गांडूळ, पण मरळीला मात्र जितंच पाहिजे, हे तो बारशाच्या पंगतीत बसूनसुद्धा सांगायचा. "मेलेलं खाती ती मरळच न्हाई बे," असं म्हणून स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा. माणूस बढाईखोर होता, पण हाताला गुण होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. धारूरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आमचा तलाव. त्यावर आम्हा भोयांची मच्छीमार संस्था, आणि संस्थेत गळ धरावा तो आश्रुबानं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली तलाव आटला आणि मधोमध एक डबकं तेवढं उरलं. संस्थेनं रोहू-कटल्याची बोटुकली आणलेली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती तलावात सोडावीत एवढं पाणीच आलं नाही, म्हणून शेडमागच्या सिमेंटच्या हौदात ठेवली. पाऊस पडेपर्यंत ती जगली तर संस्था जगणार होती, नाहीतर सगळ्यांनी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. पुरुषांनी त्यावर बैठका घेतल्या. बायकांनी काय करायचं ते ठरवलं. टँकर आला की घरटी एक घागर आधी हौदाला, मग घरात. घरात लुगडं धुवायला पाणी नाही, पण ही घागर चुकायची नाही. त्यात सगळ्यांच्या पुढं आश्रुबाची बायको सत्यभामा. पाणी ओतून झालं की ती मुठीत कोंडा घेऊन हात पाण्यात धरायची. पिल्लं तळहातावर चढून खायची, बोटं चोखायची. कधी नव्हे ते त्या बाईच्या तोंडावर हसू दिसायचं.

तरीही उन्हाळा वाढला तशा घागरी कमी पडू लागल्या. हौदासाठी वेगळा टँकर पाहिजे होता, आणि तो देववणारा माणूस एकच, भगवानराव. जमीन मोठी, राजकारणात वजन त्याहून मोठं. त्यांचा निरोप आला, "येतो परवा. पन मरळीचं कालवण पाहिजे."

झालं. आश्रुबाला तेवढंच पाहिजे होतं. डबक्यात एक जुनी मरळ तग धरून होती, श्वास घ्यायला वर आली की तिचं काळं डोकं सगळ्यांना दिसायचं. भर बैठकीत तो उठून म्हणाला, "परवाच्याला मरळ न्हाई आणली तर गळाची काठी मोडून चुलीत घालीन." कुणी विचारलं नव्हतं. पण आता शब्द गेला होता आणि सगळ्या गावानं तो ऐकला होता.

डबक्याच्या तळाशी बाभळीची खोडं, म्हणून जाळं टाकायची सोय नव्हती. गळच टाकायचा. पण जितं आमिष आणायचं कुठून? बेडूक जमिनीखाली गेलेले. गांडुळासाठी खणावं तर टिकाव टणकन वाजायचा. कणकेच्या गोळ्याकडे मरळ बघेना. बाजारातून आणलेला मेलेला मासा लावला, तो उन्हात फुगून वर आला. भगवानरावांच्या पुतण्यानं पुण्याहून हौसेनं आणलेला रबरी बेडूक होता. आश्रुबानं तोंड वाकडं करत तोही लावून बघितला. मरळ मागं मागं आली, हुंगलं, आणि पाठ फिरवून गेली. काठावर बसलेला बंकट खिदळला, "आश्रुबा, चुलीला सरपन झालं म्हन की!"

ते त्याला लागलं. जेवणाच्या दिवशी दुपारी टँकर आला, बायका तिकडं धावल्या, शेडमागं चिटपाखरू नव्हतं. आश्रुबा हौदापाशी गेला. पकडायला फडकं नेलं होतं, ते लागलंच नाही. त्यानं हात पाण्यात घातला आणि पिल्लं धावत आली, कोंडा मिळेल म्हणून. तळहातावर चढली. त्यानं मूठ मिटली. मग मूठ लोट्यात सोडून, वाळू लागल्यासारखा हात झटकून, इकडंतिकडं बघत, ती चार-पाच पिल्लं घेऊन डबक्याकडं सुटला. ह्यांच्याच टँकरसाठी तर चाललंय, असं स्वतःला बजावत होता.

लोकांकडं पाठ करून लावलेलं पहिलं पिल्लू मरळीनं गळावरून अलगद काढून नेलं. दुसरंही. तिसऱ्याला ती अडकली. हाताएवढी लांब, काळी, चिखल उडवत आलेली मरळ बघून काठावर ओरडा झाला. बंकटनंच त्याला खांद्यावर घेतलं. कशाला लागली म्हणून कुणी विचारलं तर आश्रुबा म्हणाला, "हातगुन हाय." मरळ साफ करायला शेडच्या अंगणात बायकांकडं गेली.

विळीवर सत्यभामा होती. आश्रुबा जवळच हात धूत उभा होता. तिनं मरळीचं पोट फाडलं, आतडं ओढलं आणि थांबली. बोटांनी काहीतरी बाजूला घेतलं. तीन पिल्लं, अजून अख्खी, चंदेरी. प्रत्येकाच्या पाठीत गळाचं भोक. डबक्यात रोहूचं पिल्लू असायचं कारण नव्हतं. सगळी पिल्लं हौदात होती, आणि हौदातल्या पिल्लांना ती रोज हातानं भरवत होती.

तिनं वर बघितलं. आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शिव्या घालील, पलीकडं मसाला वाटणाऱ्या छबुबाईला हाक मारील, चारचौघींत अब्रू काढील, असं त्याला वाटलं. तिनं एवढंच विचारलं, हळू आवाजात, "हाताशी आली आसतील न्हाई? बोलवावं लागलं नसंल."

तिनं पिल्लं राखेत पुरली आणि मरळीचे तुकडे करायला घेतले.

संध्याकाळी भगवानराव आले, रस्सा ओरपला, बोटं चाटली. टँकर कबूल केला. मग आश्रुबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असा माणूस पाहिजे. उद्यापासनं हौदाची राखन आश्रुबाकडं." टाळ्या पडल्या. आश्रुबानं हातातला घास ताटात ठेवला. त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. सत्यभामा ताटलीकडं बघत होती, ताटली कोरडी होती, रस्सा तिनं घेतलाच नव्हता. त्याला ते सोसेना. तो उठून उभा राहिला आणि सगळं बोलून टाकलं, "मालक, मला राखन देऊ नका. मरळीला मी हौदातली पिल्लं लावली. आमच्या बायकांनी जगवलेली."

भगवानराव खो खो हसले. "आरं, चार पिल्लांचं काय घिऊन बसलास! मरळ तर आली का न्हाई?" त्यांच्यामागोमाग सगळे पुरुष हसले. त्यांनी त्याला मोठ्या मनानं माफ करून टाकलं. ज्यांच्या डोक्यावर एकही घागर चढली नव्हती त्यांची ती माफी. आश्रुबाचं तोंड लाजेनं काळंठिक्कर पडलं. बायकांतली एकही हसली नव्हती. छबुबाई तेवढी म्हणाली, "कुंपनानंच शेत खाल्लं," आणि एकेक बाई उठून गेली.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या राखणीला बायकाच बसल्या. पाळ्या त्यांनीच लावल्या. पहिली पाळी सत्यभामेनं मागून घेतली.

टँकर आला तेव्हा आश्रुबा बायकांच्या रांगेत उभा राहिला. पोरं फिदीफिदी हसली, त्यानं मान वर केली नाही. भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो हौदाकडं आला. सत्यभामा कठड्यावर बसली होती. पायांचा आवाज ऐकून पिल्लं पाण्यावर गोळा झाली.

"तिथंच ठेवा," ती म्हणाली.

"वततो की मी."

"तिथंच ठेवा म्हनलं ना."

त्यानं घागर जमिनीवर ठेवली आणि माघारी फिरला. ती उठली, घागर उचलून कडेवर घेतली, आणि तो शेडच्या पलीकडे जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिनं पाणी ओतलं.