भाऊजींचं न दिसणारं काम

आमच्या भाऊजींकडून रफू केलेला कपडा परत घेताना गिऱ्हाइकाला एक परीक्षा द्यावी लागते. भाऊजी कपडा टेबलावर पसरतात, हात मागे बांधतात आणि म्हणतात, "शोधा." गिऱ्हाईक वाकून बघतं, उजेडाकडे धरतं, बोट फिरवतं. आपणच फाडलेली जागा आपल्याला सापडत नाही म्हटल्यावर ते ओशाळं हसतं आणि इकडे भाऊजींच्या मिश्या फुलतात. ज्याला जागा सापडेल त्याचं काम फुकट, असं त्यांनी जाहीर करून ठेवलं आहे. अजून तरी कुणाचं काम फुकट झालेलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे चालू आहे, आणि मी आता गुडघ्यांना तेल चोळायच्या वयाला आले.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांनी लग्न केलं नाही. कुठल्याही बाईशी बोलताना त्यांची नजर आधी तिच्या बाहीच्या शिवणीवर जाते, आणि हे कुठल्या बाईला आवडेल? ते आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात, आमच्यातच जेवतात, आणि खाली रस्त्यावरच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. एक टेबल, एक दिवा, दोऱ्यांच्या रिळांनी भरलेलं कपाट आणि एक जाड पडदा. हा पडदा महत्त्वाचा. सुई हातात घेण्याआधी भाऊजी तो ओढून घेतात, आणि मग घरात आग लागली तरी आत यायचं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणतात. त्यांच्या उस्तादांनीही त्यांना कधी शिकवलं नाही. दुकान झाडता झाडता, पाणी भरता भरता भाऊजींनी ते डोळ्यांनी चोरलं. तेव्हापासून विद्या मागून मिळत नाही, चोरावी लागते, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि आपलं कुणी चोरू नये म्हणून हा पडदा. चोराला चोरीची भीती जास्त, ते काही खोटं नाही.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. आमच्या ह्यांच्या विजारी मीच शिवते, हाताला येईल त्या दोऱ्यानं. भाऊजींच्या नजरेला तो टाका पडला की ते जेवता जेवता मान फिरवतात. एकदा मी म्हणाले, "मग शिकवा मला." तर म्हणाले, "वहिनी, तुमचे टाके म्हणजे कुंपणाला मारलेली तार. ते काही शिकवून जाणार नाही." मी तीन दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही.

तर अशा माणसाकडे आमची चिंगी मदत मागायला गेली.

चिंगी माझी लेक, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांची एक स्पर्धा होती. विद्यापीठाचा परिसर शाश्वत कसा करता येईल याची एक कल्पना काढायची आणि व्यासपीठावर जाऊन, घंटा वाजायच्या आत, परीक्षकांच्या गळी उतरवायची. शाश्वत या शब्दाचा आमच्या घरात तोवर एकच उपयोग झाला होता, भाऊजींचा हट्ट शाश्वत आहे असं सांगायला. चिंगीनं मला नीट समजावलं. वीज, पाणी, कचरा, जे काही आपण उधळतो ते उधळायचं कसं थांबवायचं, असा विषय. सत्र संपलं की वसतिगृहामागे कपड्यांचा ढीग पडतो, हे तिनं पाहिलं होतं. एखादं भोक, एक उसवलेली शिवण, की चालला कपडा कचऱ्यात. तिला ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची रिकामी खोली हवी होती. तिथं मुलांनी यावं, आपलं फाटलेलं आपण दुरुस्त करायला शिकावं. कल्पना पसंत पडली तर विद्यापीठ वर्षभरासाठी खोली देणार होतं.

"शिकवणार कोण?" मी विचारलं.

"काका."

मी हातातली पळी खाली ठेवली आणि हसत सुटले. पोरगी हसली नाही. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांनी बक्षिसासाठी भाग घेतला होता, हिला ती खोली खरोखरच हवी होती. का ते मला कळत होतं. लहानपणी ती त्या पडद्याच्या बाहेर पायरीवर बसायची, आणि आत काय चाललंय म्हणून विचारायची. काकांनी तिला गोष्टी सांगितल्या, रिळांचे मनोरे करून दिले, पण पडदा काही उघडला नाही.

भाऊजींनी शिकवायला साफ नकार दिला. "पोरांना काय शिकवायचं? त्यांना बटण लावता येत नाही." पण नमुना म्हणून एक कपडा करून द्यायला ते एका पायावर तयार झाले. माझे दीर कामाला कंटाळतील, पण कौतुकाला नाही. चिंगीनं त्या ढिगातून एक राखाडी लोकरी कोट आणला होता. छातीवर डाव्या बाजूला कसरीनं खाऊन लिंबाएवढं भोक पाडलं होतं. तिनं आधी त्याचा फोटो काढून ठेवला आणि मग हळूच म्हणाली, "काका, अगदी नाहीसं नका करू. थोडं दिसू दे. लोकांना कळायला हवं ना."

"दिसलं तर ते ठिगळ," भाऊजी म्हणाले, आणि पडदा ओढला.

कोट त्यांनी दिला तो स्पर्धेच्या दिवशी सकाळी, घडी घालून, कागदात बांधून. चिंगीनं घाईत तसाच पिशवीत टाकला. हे दोघांचंही चुकलं. पण एकीला बसची घाई आणि दुसऱ्याला स्वतःवर भरवसा, मग उघडून बघणार कोण?

दुपारी मी आणि भाऊजी गेलो. भाऊजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कॉलरला सवयीप्रमाणे एक टाचणी खोचली होती. सभागृह मोठं होतं, खुर्च्या मऊ, आणि व्यासपीठावर भिंतभर पडदा. तिथल्या टेबलावर एक वाकड्या मानेचा कॅमेरा होता. त्याच्याखाली ठेवाल ती वस्तू पडद्यावर दाराएवढी दिसायची. एका मुलानं बोलणारी कचरापेटी आणली होती. चुकीचा कचरा टाकला की ती ओरडायची. भाऊजी म्हणाले, "ही तर आपल्या घरी आहेच, वहिनी." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग दोन मुलींनी छपरावर सूर्याची वीज कशी करायची ते सांगितलं, आणि खरं सांगते, फार छान सांगितलं.

मग चिंगी. पोरगी सुरुवातीला अडखळली, पण ढिगाचं बोलायला लागली तशी सावरली. पडद्यावर भोकाचा फोटो आला. "आणि हा तोच कोट," असं म्हणून तिनं तो परीक्षकांच्या हातात दिला.

परीक्षक तीन. पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका, इमारतींचा कारभार बघणारे एक अधिकारी, आणि याच विद्यापीठात शिकून पुढे मोठा कारखाना काढलेली एक बाई. कोट या हातातून त्या हातात गेला. उलटला, सुलटला.

"भोक कुठं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"डावीकडे, इथं..." चिंगीनं बोट ठेवलं. मग बोट थोडं वर नेलं. मग खाली. तिनं कोट उजेडाकडे धरला. मला इतक्या लांबूनही तिच्या कानांचा रंग बदललेला दिसला.

माझ्या शेजारी भाऊजींच्या मिश्या फुलायला लागल्या होत्या. "शोधा म्हणावं," ते माझ्या कानात म्हणाले.

"हा दुसराच, चांगला कोट आणलाय असं कुणी म्हणालं तर काय सांगशील?" अधिकारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

चिंगीनं कोट खाली घेतला. मग म्हणाली, "काही सांगता येणार नाही, सर. मलाही सापडत नाहीये." सभागृह हसलं. कुणी दुष्टपणानं हसलं नाही, पण त्या हसण्यात माझी पोर उभी होती, एकटी.

माझं डोकं फिरलं. "भाऊजी," मी दात-ओठ खात म्हणाले, "पोरगी बुडतेय, आणि तुम्ही काठावर बसून मिशीला पीळ देताय? लाज नाही वाटत?" इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग व्यासपीठाकडे. मिश्या उतरल्या. ते उठले.

पायऱ्या चढून वर गेले, कुणाची परवानगी नाही, काही नाही. चिंगीच्या हातातून कोट घेतला, उलटा केला, डोळे मिटून अस्तराच्या आतून बोटं फिरवली. एका जागी बोट थांबलं. कॉलरची टाचणी काढली, आणि एक धागा उचलून ओढला. मग दुसरा. मग भराभर. आपल्या हातानं केलेलं काम त्या माणसानं सगळ्यांसमोर उसवलं. सगळ्यांना दिसावं म्हणून कुणीतरी कॅमेरा कोटावर वळवला होता, त्यामुळे भिंतीवर ते भोक हळूहळू उघडताना सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. घंटा वाजली, तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी नुसता हात वर करून ती थांबवली.

"आता भरा," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी इकडे तिकडे बघितलं. पडदा ओढायची त्यांची सवय, आणि इथला पडदा तर सगळं दाखवणारा. चिंगीनं पिशवीतून सुई-दोरा काढून दिला. आणि भाऊजी बसले. भिंतीवर त्यांचे हात आले, दाराएवढे. "आधी उभे धागे," ते पुटपुटले, चिंगीला म्हणाले की स्वतःला कोण जाणे. "ओढायचे नाहीत. नुसते निजवायचे. मग आडवा, एकाच्या वरून, एकाच्या खालून." चिंगी त्यांच्या खांद्याशी वाकून बघत होती आणि तेच मोठ्यानं मागच्या रांगेपर्यंत सांगत होती. एका घरात राहून, रोज ताट वाढून, मी ते हात काम करताना कधी पाहिले नव्हते. मला रडू आलं. रागही तितकाच आला, इतकं सुंदर काही इतकी वर्षं आमच्यापासून लपवलं म्हणून.

थोडंसं भरून झाल्यावर प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "हे तुम्ही मुलांना शिकवाल?"

भाऊजींनी सुई कोटात टोचून ठेवली. "हे शिकवून येत नाही," ते म्हणाले, आणि खाली उतरून आले.

पहिलं बक्षीस सूर्याच्या विजेला मिळालं, आणि ते योग्यच झालं. परीक्षकांनी चिंगीला बाजूला बोलावून सांगितलं, कल्पना आम्हाला आवडली, खोली द्यायची आमची तयारी आहे. पण शिकवणाराच नसेल तर ती कपडे ठेवायची खोली होईल. उद्यापर्यंत कुणाचं तरी नाव कळव. यात त्यांचं काही चुकलं, असं मला म्हणता येईना.

बसमध्ये चिंगी खिडकीशी बसली. भाऊजींच्या मांडीवर तो अर्धवट भरलेला कोट.

"मला उस्तादांनी नाही शिकवलं," शेवटी भाऊजीच म्हणाले. "मी घेतलं. ज्याला हवं तो घेतो."

"कुठून घेणार, काका?" चिंगीनं मान न वळवता विचारलं. "तुमच्या उस्तादांनी निदान पडदा तरी लावला नव्हता."

पोरीनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. पण शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा चेहरा बघून त्याचीही दया आली. त्यांनी कोटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

घरी येऊन मी पानं घेतली. आमचे हे कामावरून आले होते. आमची तोंडं बघून त्यांनी काही विचारलं नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. भाऊजी मान खाली घालून जेवत होते. मी वाढायला गेले तर नको म्हणाले. चिंगी नुसती घास चिवडत होती. उद्या नाव कुणाचं कळवायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि विचारायचं नाही असं तिनं बहुतेक ठरवलं होतं. हट्ट घराण्यातच आहे.

"त्या खोलीला खिडकी आहे का?" भाऊजी म्हणाले.

कुणाला म्हणाले ते क्षणभर कळलंच नाही. चिंगीचा हात थांबला.

"आहे. एक."

"कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला."

भाऊजींनी विचार केला. बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"मग दुपारी सुई ओवता यायची नाही पोरांना," ते म्हणाले. "सकाळची वेळ कळव."