गळतीचा रकाना

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, तू पब्लिक स्कूलमध्ये शिकवतेस का?" मी "नाही" म्हणाले आणि त्याच वेळी मागून तुमचा बाबा "हो" म्हणाला. दोघंही बरोबर होतो. आमच्या पनवेलमध्ये ज्या फाटकावर 'पब्लिक स्कूल' अशी पाटी असते, त्या फाटकातून पब्लिकला आत सोडत नाहीत. तिथे वॉचमन असतो. तुमच्याकडे परदेशात पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, आणि ती चांगली मिळावी म्हणून तुमच्या आईबाबांनी घर बदललं. आमच्याकडे लोकांना जरा बरे दिवस आले की पहिलं काम सरकारी शाळेतून मुलांची नावं काढण्याचं.

मी जाते ती शाळा जिल्हा परिषदेची. हायवेच्या अलीकडच्या एका गावात, चौथीपर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षाने जाऊन मी इंग्रजी शिकवते. शाळेत दोन खोल्या, एकवीस मुलं आणि एक बाई. दुसरे गुरुजी बदलून गेले, त्यांची जागा भरायची आहे, आणि ती भरायची आहे असं मी तीन वर्षं ऐकते आहे. बाई चारही इयत्ता शिकवतात, म्हणजे उरलेल्या वेळात शिकवतात. आधी खिचडीचा फोटो काढून मोबाइलवर चढवायचा. मग हात धुतानाचा फोटो. मग मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरायचं. सरकारला आपल्या मुलांचे फोटो फार आवडतात. मुलं वाचतात का, हे त्या फोटोत येत नाही, म्हणून ते कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये एका शुक्रवारी बाई अशाच याद्या घेऊन निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "काकू, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. एवढा तक्ता भरून ठेवाल का? संध्याकाळी ऑफिसला पाठवायचाय."

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. रिकामा रकाना बघितला की मला बेचैन व्हायला होतं. मी चष्मा लावला आणि भरत गेले. वर्गखोल्या दोन. फळे दोन, एक फुटका. पट एकवीस. मग आला 'गळती'चा रकाना. मी वर बघितलं. तिसरीची मुलं बसतात तिथे कौलांतून दोन धारा लागल्या होत्या. मी लिहिलं: दोन. इयत्ता: तिसरी. कारण: पाऊस. उपाययोजना: खाली बादल्या ठेवल्या आहेत. बाईंची सही आधीच केलेली होती.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरातलं आहे, कचेरीतलं नाही. सरकारी मराठीत गळती म्हणजे शाळा सोडून गेलेली मुलं, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. कळवायला केंद्रप्रमुख साहेब स्वतः आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा माणूस.

"बाई, तुमचा पट एकोणीस झाला," ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "वीसच्या खाली. शाळा समायोजनात गेली."

समायोजन म्हणजे कुलूप. मुलांनी हायवेपलीकडच्या शाळेत जायचं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की गळती छताची आहे, मुलांची नाही. साहेबांनी तक्ता काढला, पहिल्यांदाच पूर्ण वाचला, आणि बादल्यांपर्यंत आल्यावर त्यांना खोकला आला. मी म्हणाले, "मोजा ना मुलं. समोर बसलीत."

त्यांनी मोजली. एकवीस. "मॅडम, दिसतात ती एकवीस. पण कॉम्प्युटरात एकोणीस आहेत."

"मग कॉम्प्युटर दुरुस्त करा."

"करता येईल. छत गळतं असं लेखी द्या. पण मग इमारत धोकादायक ठरते. धोकादायक इमारतीत मुलं बसवता येत नाहीत."

"म्हणजे मुलं गळाली तरी शाळा बंद आणि छत गळलं तरी शाळा बंद?"

"माझ्या हातात काही नाही हो. वरून आलंय."

"पाणीपण वरूनच येतंय," बाई म्हणाल्या.

या सगळ्यात खरी अडकली ती तिसरीतली एक मुलगी. तिसरी-चौथीत मिळून न अडखळता वाचणारी ती एकटी. तिची आई नाही, वडील द्रोणागिरीच्या गोदामांवर कंटेनर चालवतात, ती आजीजवळ राहते. हायवेवर कंटेनर कसे धावतात हे त्या घराला कुणी सांगायला नको. बातमी गावात पोचली तशी आजी तडक शाळेत आली. "शालेला टालं लावा नायतर काय पन करा. माजी नात हायवे वलांडून जानार नाय. घरी बसंल."

साहेब गेल्यावर आमची तिघींची जुंपली. बाई म्हणाल्या, ऑफिसची चूक. मला स्वतःची चूक झाकायची होती, म्हणून मी सभ्यपणे अत्यंत वाईट प्रश्न विचारला, "तुमचा मुलगा कुठल्या शाळेत आहे हो?"

"इंग्लिश मीडियमला, नवीन पनवेलला," बाई म्हणाल्या. "आणि काकू, तुमचा कुठे होता?"

तुमचा बाबा कॉन्व्हेंटमध्ये होता. टाय लावून जायचा. घराशेजारी नगरपालिकेची शाळा होती, तिची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि त्या घंटेवर मी त्याला कॉन्व्हेंटच्या बसमध्ये बसवायचे. माझ्यासारख्या चार तक्रारखोर आया त्या शाळेत असत्या, तर तिथल्या हेडमास्तरांना झोप लागली नसती. आम्ही मुलं काढली आणि आमच्या तक्रारीही सोबत नेल्या.

मुलीची आजी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "मंग गलती कुनाची?"

त्यांच्या बोलीत ळ नाही. ती छताबद्दल विचारत होती की आमच्याबद्दल, ते मला कळेना. मी म्हणाले, "माझी."

"तुजी नाय गो बाय, ती कौलांची. तू फकस्त लिवलंस." मग जरा थांबून, "पन लिवलंस वंगाल."

छत दुरुस्तीचा अर्ज बाईंनी चार वर्षांपूर्वी केलेला होता. त्याला उत्तर आलं होतं की अर्ज विहित नमुन्यात नाही. आजीने विहित नमुना पाहिला नाही. तिचा पुतण्या उलव्याला बांधकामांना सामान पुरवतो. उतरवलेले पत्रे त्याच्या अंगणात पडून होते. रविवारी त्याला शिडीवर चढवून खाली ती स्वतः उभी राहिली. "डावीकरं सरक! तुला शालेत धाडला तवापन तुला डावा-उजवा येत नवता!"

"याच शालेत धाडलावतास ना!" तो वरून ओरडला. "मास्तर कवा व्हता तितं?"

मी खिळ्यांचा डबा धरून होते. मला खिळे आकाराप्रमाणे लावून ठेवायचे होते, पण तेवढा वेळ कुणी दिला नाही.

सोमवारी साहेबांना बोलावलं. त्यांनी वर बघितलं, परवानगी कुणी दिली असं विचारायला तोंड उघडलं, समोर आजी दिसली, आणि मिटलं. मग त्यांनी शुद्धिपत्र लिहून घेतलं: गळती छताची होती, ती आता नाही, विद्यार्थी एकवीस. एवढ्या ओळीसाठी ते तीनदा ऑफिसला गेले, हेही मला लिहायला हवं. महिन्याभराने समायोजन पुढील आदेशापर्यंत थांबवल्याचं पत्र आलं. पुढील आदेश कधी येईल, कुणी सांगावं.

या जूनमध्ये मुलगी चौथीत गेली. पहिल्याच शुक्रवारी आजी फाटकाशी माझी वाट बघत होती.

"चवथीचं झालं. आता पाचवीचं सांग."

पाचवी हायवेपलीकडेच आहे, त्याला काही शुद्धिपत्र नाही. मी म्हणाले, आधी बघून तर येऊ. आम्ही दोघी निघालो. रस्त्याखालून जायची मोरी आहे, पण तिच्यात गुडघाभर पाणी आणि कुणाची तरी म्हैस होती. म्हणून वरून गेलो. अर्धा हायवे ओलांडून दुभाजकावर उभ्या राहिलो. दोन्ही बाजूंनी कंटेनर. मी वहीत लिहायला लागले: पादचारी पूल हवा, नाहीतर शाळेची बस, अर्ज कुणाला, प्रत कुणाला.

तिने माझा दंड धरला.

"नंतर लिव गो. आता पल!"